पाठ

हात आधी स्टोव्हवर शेकून घ्यायचे.
गार हाताला पोट खरं सांगत नाही,
आक्रसतं, दगड होतं.
हा मासेचाबा म्हातारीचा पहिला पाठ.
दुसरा : हाताआधी डोळ्यांना विचार.
बेंबीखाली बशीएवढा खळगा दिसला
तर समज, बाळ तुझ्याकडे पाठमोरं नाही,
आईच्या पाठीला पाठ लावून बसलंय.

माथेबे आली ती सोमवारी, घोड्यावरून,
मोखोतलोंगच्या वरच्या मेंढवाड्यांतून,
ब्लँकेटवर ऑगस्टचा बर्फ.
लग्नाच्या दिवशीच सासरच्यांनी नाव ठेवलं होतं तिचं,
थेबेची आई.
थेबे तेव्हा कुठेच नव्हता.
चार वर्षं ती त्या नावाला ओ देत राहिली.

वर, फासळ्यांखाली : मऊ, बेढब. कुल्ले.
खाली, ओटीपोटाशी : टणक, गोल,
चिमटीत धरून हलवलं तर हललं.
डोकंच. पायाळू नाही.
डावीकडे सलग काहीतरी, लांब,
उजवीकडे नुसत्या ढुशा, कोपराच्या, टाचेच्या.
लाकडी नळा टेकवून कान लावला,
तर गवतातून कुणीतरी
घाईघाईनं चाललेलं.
रजिस्टरात लिहिलं : पाठ डावीकडे.
सही केली.
वर तिला म्हटलंसुद्धा, शहाण्यासारखं बसलंय गं.

गुरुवारी रात्री कळा सुरू झाल्या त्या कमरेत.
पोटात नाही, म्हणाली, मागे,
कुणी जात्याचा दगड लोटतंय.
मी कंदील जवळ घेतला.
बशी होती.

बोट आत गेलं शिवण शोधत.
सुईणीचं काम तेवढंच, अंधारात शिवण शोधायची
आणि ती कुठे जाते ते बघायचं.
पुढे जिथे लहान तिकोनी खाच लागायला हवी होती
तिथे लागली मोठी टाळू,
पतंगाच्या आकाराची,
बोटाखाली लुकलुकणारी.
बाळ वर बघत येत होतं.

तिला गुडघ्यांवर घेतलं, मक्याच्या पोत्यावर छाती,
कमरेखालून ब्लँकेट,
एक टोक माझ्याकडे, एक झाडूवाल्या लिपुओकडे,
आणि चाळणीसारखं हलवत राहिलो.
दोन वाजता वळलं नाही.
तीनला वाटलं, अर्धं बोट सरकलं.
चारला परत होतं तिथेच.
खिंड बंद होती, वायरलेसवरचा माणूस
वाट बघा म्हणाला, जणू आम्ही दुसरं काही करत होतो.
प्रत्येक कळेनंतर नळा, कान, गवतातली ती पावलं.
आहेत. अजून आहेत.

मासेचाबाला मी एकदा विचारलं होतं,
तुझं कधी चुकलं का?
बोटं चुकत नाहीत, म्हणाली, बाळं वळतात.
मग तंबाखू मळून झाल्यावर, खालच्या आवाजात :
बोटंही चुकतात.

उजाडता उजाडता माथेबे लिपुओच्या छातीला टेकून बसली
आणि म्हणाली, आता मला कुणी हलवू नका.
आधी कपाळ आलं, सुजलेलं,
मागून अख्खं डोकं फिरून वर,
मग तोंड निसटलं, पायरी चुकावी तसं.
डोळे उघडे. पत्र्याकडे बघत होती.
मुलगी.

माथेबे सुटली.
लिपुओनं विचारलं, मग आता नाव?
तेच, ती म्हणाली. चार वर्षं हिचीच तर आई आहे मी.
थेबे म्हणजे ढाल. मुलीला ढाल म्हणू नये
असं कुठे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

सोमवारच्या ओळीवर काट मारायला पेन उचललं.
सोमवारी पाठ डावीकडेच होती.
किंवा नव्हती.
खाली नवी ओळ लिहिली :
पाठीला पाठ. दोघी जिवंत. टाके चार.
स्टोव्ह केव्हाचा विझला होता,
लिपुओ रॉकेल शोधत होती.