सतरा कमी

मार्चअखेरची मोजणी. निपाणीची वखार,
जर्द्याच्या धुळीनं दिवासुद्धा शिंकेल अशी.
बेरीज आली नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.
दहा लाखाला सतरा कमी.

त्या सतरा आईच्या सुपातल्या.
पानाला भोक होतं, छाट निघाल्या.

पंचवीसच्या जुड्या बांधल्या
तर वर आठ उरल्या.
पायगोंडा कारकून म्हणाला, वीसच्या बांधून बघा की.
तीन.
मग त्यानं पावतीपुस्तक उलटं केलं
आणि पाठकोऱ्या कागदावर भाग घालायला बसला.
सातनं पाच उरले. अकरानं सहा.
तेरानं दहा. सतरानं नऊ.
"कुठल्याच घरात बसंना हा गडी."

मी सातवीत. दप्तर मांडीवर.
मला म्हणाला, हजाराच्या पुढं जायचं नाही बघ पोरी,
हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख झालेच.
याला थोरला भागीदार असलाच
तर धाकटा जोडीदार हजाराच्या आत गावायलाच पाहिजे.
आणि आत तपासायच्या मूळ संख्या एकशे अडुसष्टच.

एकशे अडुसष्टच, म्हणाला.
दोन चहा झाले. वीज गेली, आली.
शेवटी नऊशे सत्त्याण्णव. त्यानंही भाग जाईना,
नऊशे एकोणनव्वद उरले.
आणखी आठ असत्या तर गेला असता.
(आठ तर इथंच पडल्यात, आई पुटपुटली,
पण त्या बेरजेत आधीच धरलेल्या.)

विड्यांचे दोन चौकोन रचून बघितले मी, मनातल्या मनात,
एक थोरला, एक धाकटा, कसेही.
जमणार नाही, तो न बघताच म्हणाला,
चारनं भागून तीन उरणाऱ्याला दोन चौरस पुरत नसतात.
तुझा हात आखडलाय म्हणून नव्हे. नियमच तसा.

सरकारी फॉर्मवर तोच आकडा कानडीत लिहिला.
कानडी नऊ आमच्या नऊच्या तोंडावळ्याचाच,
आठाला तेवढा वेगळा वाक द्यावा लागला.
भाग तिकडूनही गेला नाही.

यानंतर असला दुसरा थेट दहा लाख तीन, तो म्हणाला,
मधले एकोणीसच्या एकोणीस फुटतात.
हे सांगताना त्याचा आवाज
घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला.

"आणि माझ्या सतराचं?" आईनं विचारलं.
"त्यालाही नाही जात, ताराक्का."
"मग मजुरी कापताना कसा जातो?"

पायगोंडानं पेन्सिल कानावर ठेवली.
बाहेर संकेश्वरची शेवटची गाडी हॉर्न देत होती.
आई त्या आठ सुट्या विड्या परत मोजत होती,
सावकाश, एकेक,
जणू या खेपेला नऊ भरतील.