नखाएवढी फट

कास्त्रोच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा
माडीपर्यंत चढतं, दोनदा चिखलापर्यंत उतरतं.
म्हणून फिदेलिनो चेउकेमान होडी बांधताना
दोर कधी ताणत नाही.
ताणलास तर ओहोटीला लटकेल
खाटकाकडच्या मेंढीसारखी, म्हणतो.
एकदा लटकलीही होती. त्याची नव्हे, मेहुण्याची.
लोक हातातलं जेवण टाकून बघायला आले होते.

मी त्याच्याकडे सुतारकाम शिकते.
पहिले दोन महिने नुसती फळकुटं ठोकली,
भिंतीवर, माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक.
मी ती अगदी खेटून बसवली.
काय देखणी दिसत होती!
मग जूनचा पाऊस आला, लाकूड फुगलं,
आणि दिवस राहिल्यासारखी भिंतच पुढे आली.
तो काही बोलला नाही.
खिळे उपटले, वाकडे होते ते सरळ केले, डब्यात टाकले.
पहिलं फळकूट परत लावलं, दुसरं लावलं,
आणि मधे
नखाएवढी फट.

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना.
ओतिलिया नातवाला स्वेटर विणते,
बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली लोंबतात.
पुलावर लोखंडी दातांची ती भेग,
जिच्यावरून जाताना ट्रक दोनदा ठेचकाळतो
आणि मागच्या बटाट्यांची पोती उसासा टाकतात.
शाळेत बाई म्हणायच्या, डावीकडे समास सोडा,
आणि आम्ही कुरकुरत सोडायचो
तो कोरा पट्टा, ज्यात आमच्या चुका
नंतर लाल शाईने राहायला यायच्या.

एका दुपारी न राहवून सांगितलं फिदेलिनोला :
दोर, स्वेटर, पूल, भिंत,
ही एकच गोष्ट आहे, चार ठिकाणी.
त्याने रंध्यातला भुसा फुंकला.
"बरं. मग उद्या होडी अंगात घालून ये,
आणि स्वेटर सोड पाण्यात."

पण दुसऱ्या दिवशी तोच मला मागच्या पडवीत घेऊन गेला.
तिथे सफरचंदाच्या दारूचं पिंप, वर्षभर रिकामं,
फळ्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता.
त्यात बादल्या ओतत राहिला. सगळं पाणी पायावर.
मी म्हटलं, गळतंय.
तो म्हणाला, थांब.
संध्याकाळी फटी नव्हत्या.
लाकडाने पाणी पिऊन आपलं तोंड आपणच मिटलं होतं.
"आता हे कुठे बसवतेस तुझ्या यादीत?"
अजून बसवलेलं नाही.
कधी वाटतं, तीच फट आहे, फक्त शेवटापर्यंत वापरलेली.
कधी वाटतं, म्हातारा माझी मजा करतोय.

माझा भाऊ एलिसेओ पुन्ता अरेनासला असतो,
मेंढ्यांच्या गोठ्यांवर पत्रे ठोकतो.
आई त्याला रोज फोन करायची, सकाळी आणि रात्री.
जेवलास का, पायमोजे कोरडे आहेत का,
ती कोण मुलगी होती फोटोत.
मे महिन्यात त्याने उचलणं बंद केलं.
मी होडीची गोष्ट आईला सांगितली नाही.
ती काही होडी नाही, आणि मी काही फिदेलिनो नाही.
पण भरतीच्या वेळी धक्क्यावर बसून बघितलं आहे मी :
सैल दोर किती बावळट दिसतो,
वेटोळी करून पडलेला, कुणाच्याच कामाचा नाही असा.
आणि सहा तासांनी त्यातली वीतही उरत नाही.

आता ती फक्त रविवारी करते.
बाकीचे सहा दिवस फोन पिठाच्या डब्याशेजारी,
पालथा.
परवाच्या रविवारी तिने विचारलं, जेवलास?
तो म्हणाला, हो.
नेहमी इथे ती पुढचं विचारते.
या वेळी तोंड उघडलं, आणि मिटलं.
पलीकडे नुसता वारा, पत्र्यावरचा.
मी लाटणं हातात धरून उभी.
मग तो आपणहून म्हणाला,
लोणी संपलंय, आणि काल एका मेंढीला तीन पिल्लं झाली,
तिसऱ्याला मी बाटलीने पाजतोय.