खुर्च्यांचं भाडं

दोनशे खुर्च्या सांगितल्या होत्या, मी दोनशे दहा नेल्या.
बत्तीस वर्षं मंडपाचा धंदा आहे,
पोरांचा कार्यक्रम म्हटल्यावर
किती आत्या, किती मावश्या वाढतात
हे मला सांगावं लागत नाही.

चोडणच्या शाळेचं पटांगण. दोन माडांना बांधलेला पडदा,
खालून वारा शिरला की फुगायचा,
मग पडद्यावरच्या माणसाचं पोट सुटायचं
आणि पहिल्या रांगेतली पोरं खिदळायची.
नदीपलीकडे, पणजीत, महोत्सवाला लाल गालिचा असतो म्हणे.
आमच्याकडे माती तांबडीच आहे. पैसे वाचले.

अकरा फिल्म. सगळ्यांत लांब चौदा मिनिटं.
सगळ्यांत छोटी एका खेकड्याची,
तो बिळात गेला आणि संपली.
एलरॉयने आपल्या आजोबांना भूत केलं होतं;
टाळ्या पडल्या तसे आजोबा उभे राहून वाकले, दोनदा.

मग तन्मयीची. नाव ‘धक्का’.
सोळाची पोर, महिनाभर फोन घेऊन बापामागे हिंडली.
सगुण फेरीबोटीवर दोर टाकतो. एवढंच.
पडद्यावर त्याची पाठ आली, कॉलर विरलेली,
डोक्यावर मागे रुपयाएवढं टक्कल.
खुर्चीतल्या सगुणचा हात आपोआप मागे गेला.
माणूस स्वतःची पाठ कधी बघतो?
न्हाव्याकडे, आरशात, तीही दुसऱ्याने दाखवली तर.

आणि इथे माझा स्पीकर मेला.

खोटं कशाला बोलू, ती वायर मला ठाऊक होती.
चवथीतच तिने ठिणगी टाकली होती,
मी चिकटपट्टी गुंडाळली, म्हटलं, निघेल एवढा सीझन.
पडद्यावर सगुण तोंड उघडतो, आवाज नाही.
इंजिन थरथरतं, आवाज नाही.
तन्मयी प्रोजेक्टरपाशी, ओठ आत घेतलेली,
माझ्याकडे बघत नव्हती.
बघितलं असतं तर बरं.

तेव्हा सगुण उठला.
पडद्यावरच्या सगुणने हात वर केला
आणि खालचा ओरडला,
‘फाटीं घे रे, फाटीं! स्कूटर फाटीं!’
ओठांशी आवाज जुळला नाही, जरा उशिरा आला,
जशी वीज आधी आणि गडगडाट मग.
मागून कुणीतरी इंजिन झालं, ढुर्र ढुर्र ढुर्र.
पडद्यावर इनासिना टोपली घेऊन चढली, गिऱ्हाइकाशी भांडायला लागली,
तशी खुर्चीतली इनासिना दोन्हीकडचं भांडली.
पोरांनी गालांनी पाणी केलं.
फेरीची फळी धक्क्यावर आपटली
तेव्हा अख्ख्या पटांगणाने पाय आपटले,
माझ्या खुर्च्या हादरल्या.

शेवटी रिकामी फेरी, रात्र,
सगुण एकटा दोराचं वेटोळं घालतोय.
तिथे कुणी काही केलं नाही.
तिथे खरंच आवाज ठेवला नव्हता,
हे तन्मयीने मला मागाहून सांगितलं.

खुर्च्या एकात एक रचत होतो तर ती आली.
‘काका, आजचं कुणी रेकॉर्ड केलं का?’
कुणी नव्हतं केलं.
टेम्पोत दोनशे नऊ चढल्या,
एकीवर सगुण अजून बसलेला,
पडदा सोडवला होता तरी, माडांकडे बघत.
मी घाई केली नाही.

स्पीकरचं भाडं घेतलं नाही.
खुर्च्यांचं घेतलं, दोनशेचं.