पेव

"सीडी हाय का काका, ओरिजिनल?"
रेश्मा नदाफ, मिरजेहून स्कूटीवर आलेली,
हेल्मेट अजून कोपरात अडकवलेलं.

होत्या.
चार होत्या, पांढऱ्या कागदी पाकिटात, मधे गोल खिडकी.
टीव्हीखालच्या फळीवर, गॅसच्या पुस्तकाशेजारी,
म्हणजे जमिनीपासून हातभर.
आणि एकोणीसच्या ऑगस्टात
आमच्या गल्लीत पाणी छातीला होतं.

संगणक मी माळ्यावर नेला,
बाळंतिणीसारखा रजईत गुंडाळून.
सीडी राहिल्या.
गाळात एक सापडली नंतर. पापुद्रा सुटलेली.
उन्हाला धरली तर तिच्यातून आरपार
समोरच्यांची वाळत घातलेली सतरंजी दिसली.

आता पडदा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ,
डोळा मिचकावते, बोलत नाही.
खणभागातला दुकानदार म्हणाला,
कशाला शोधताय, डुप्लिकेट टाकतो, दीडशे द्या.
अडतीवर चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वह्या लिहिल्या मी.
इकडचा पैसा तिकडे नाही.
मला माझंच हवं होतं.

"मग थांबा," रेश्मा म्हणाली,
"कंपनीनं एक प्रत आतच पुरून ठेवलेली असतीय.
डिस्कच्या तळाला. उघडून बघितलं तर दिसत न्हाई.
तिला अक्षर नसतं."

पुरून म्हणाली, आणि मला हरिपूर दिसलं.

वर सपाट रान. म्हशी चरतात, पोरं विटीदांडू खेळतात.
विहिरीपासून अकरा पावलं, बाभळीकडे तोंड करून,
तिथं माती उकरली की तोंड,
माणूस जेमतेम जाईल एवढं.
खाली खोलीएवढा पोकळ अंधार, हळदीनं ठासलेला.
वर्षानुवर्षं कीड नाही,
कारण हवा नाही.
आणि हवा नाही म्हणून
सकाळी उघडलेल्या पेवात दुपारपर्यंत उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा दोराला.
विझला तर बिडी ओढत बसायचं.
तेवत राहिला की मग माझा बाप, भूपाल,
कमरेला तोच दोर बांधून.
वर यायचा तेव्हा भुवया पिवळ्या, आणि दिवसभर मुका.

रेश्मानंही आधी एक पेनड्राइव्ह लावला,
त्यावरून भलतंच काही सुरू केलं,
आणि मेलेल्या डिस्कमध्ये डोकावली.
"हा कंदील," मी म्हणालो.
"न्हाई, लिनक्स," ती म्हणाली.
भावपत्रकं निघाली, आहेराची यादी निघाली,
नातवाचा निळा हत्ती निघाला, सोंड दोन.

मग एफ अकरा.
कंपनीचं नाव उमटलं रे उमटलं की ठकठक.
एकदा हुकलं.
दुसऱ्यांदा त्रिशला चहा घेऊन आली, म्हणून हुकलं.
तिसऱ्यांदा पडदा निळा झाला आणि विचारू लागला:
सर्व काही पुसले जाईल. पुढे जायचे?

पाचच्या पुरात हरिपूरची कित्येक पेवं आत बसली.
जमिनीखालचंही काही कायमचं नसतं,
हे मला माहीत आहे.
होय दाबलं.

दीड तास पट्टी सरकत होती, मुंगीनं साखर न्यावी तशी.

उघडला तेव्हा दोन हजार दहा साल होतं आत.
तारीख आजची, बाकी सगळं तेव्हाचं:
तोच निळा उजेड, रिकामं अंगण,
कोपऱ्यात पाटी, साठ दिवस मोफत सुरक्षा,
जणू पूर अजून यायचाच आहे.

"माझे डाव?" त्रिशलानं विचारलं.
पत्त्यांचे नऊशे बारा डाव जिंकलेले.
ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं काढायचं.
रेश्मानं जीभ चावली.
मी बशीत चहा ओतत राहिलो.

त्रिशलानं चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली,
लाल अठ्ठी काळ्या नव्वीवर ठेवली.
हरली.
"शून्य टक्के," म्हणाली,
आणि पुन्हा वाटले.