बारा सेकंद

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये
नवं पॅनल बसवलं तेव्हा मे महिना होता.
कूलरसमोर लॅपटॉप धरून
मी शिडीची पहिली पायरी लिहिली:
हिरवं बटण दाबून धरायचं,
भोंगा वाजेल, टायमर मोजू लागेल,
बोट उचललं की पुन्हा शून्य.
पुरा भरला, तरच पट्टा हलेल.

शेठ म्हणाले, पाच सेकंद रग्गड.
दिवसातून वीसदा पट्टा थांबतो,
तुम्हीच करा हिशोब.
मी पाच टाकले.

सुपडू अत्तरदे बाजूला उभे होते,
एकवीस वर्षं हाच पट्टा
नुसत्या आरोळीवर चालू करणारे.
"सरका हो!" म्हणायचे, मग तंबाखू मळायचे,
चुना, दोन थापा, चिमूट ओठाआड,
आणि मग खटका.

"पाच नको भो, बारा कर."
बारा कशाला?
त्यांनी हनुवटीनं दाखवलं:
पट्ट्याखाली कौतिकबाई
बसून चुनी झाडत होती.
"डावा गुडघा. उठाले टाइम लागते तिले.
मी मोजेल आहे."

मोटर तोडून मी नुसता भोंगा वाजवला.
तीनवर तिनं खराटा टाकला.
पाचवर हात खांबाला.
आठवर एक पाय, आणि आवाज नाही,
फक्त आवळलेले दात.
अकराला ती पिवळ्या पट्टीबाहेर.
वरचा एक
सुपडूभाऊंनी पदरचा घातलेला.

शेठना सांगितलं, मोटरला लागतात.

नऊ वर्षांनी पुन्हा तेच पॅनल.
आता चुनी पाइपानं ओढली जाते,
पट्ट्याखाली कुणी बसत नाही.
सुपडूभाऊ घरी, कौतिकबाई लेकीकडे
पाचोऱ्याला, की आणखी कुठे; नीट कुणालाच माहीत नाही.

माझ्यासोबतची कल्याणी नेहेते,
नवी, हुशार, थांबली त्या आकड्यावर.
"सर, इथे बारा का? सगळीकडे पाच आहेत."
तिचं बोट डिलीटवर होतं.

शेरा लिहायची जागा
तेव्हा मी कोरीच सोडली होती.
आज टाइप केलं:
कौतिकबाई, डावा गुडघा.

तिनं वाचलं. काही विचारलं नाही.
हिरवं बटण दाबून धरलं.
भोंगा. आम्ही दोघं
पट्ट्याखालच्या झाडलेल्या फरशीकडे पाहत उभे.

नऊ.
दहा.
अकरा.

आणि मग सुपडूभाऊंचा तो एक.