पीठ नको, भरड

जुन्या बाजारात बुधवारी निळा बर्फाचा डबा मिळाला,
झाकणाची एक बिजागरी गेलेली, आत बांगड्याचा वास.
चारशे म्हणाला. मी नाक धरलं, दोनशेला आला.
सोडा, लिंबू, दोन दिवस ऊन.
तिसऱ्या दिवशी बांगडा गेला. डबा राहिला.

तळाला जाळी हवी, सातू आत राहावेत, रस बाहेर यावा.
फ्लशच्या टाकीचा विणलेला स्टीलचा पाइप कापला,
आतली रबरी नळी ओढून काढली
सापाने कात टाकावी तशी, फक्त उलटी:
साप फेकला, कात ठेवली.

तोटी बसवली. गळली.
औंधच्या आयटीआयमध्ये बावीस वर्षं वेल्डिंग शिकवते मी,
पोरांना सांगते, थेंब म्हणजे नापास.
टेफ्लॉनचे आणखी सात वेढे दिले
आणि कुणाला सांगितलं नाही.

तांबट आळीत करड्यांनी विचारलं, बंबाची नळी का?
बंबाच्या उलट, म्हटलं. उकळतं गार करायचंय.
त्यांचा हातोडा थांबला. शेजारचे थांबले नाहीत,
म्हणून ओरडून म्हणाले,
नळीत आधी वाळू भर, बारीक, कोरडी, ठासून,
नाहीतर वळताना चेपेल!
दहा मीटर तांबं त्यांनी एका घंगाळाभोवती गुंडाळलं.
वाळू झटकायला मात्र मला लावली,
तासभर, रस्त्यात उभं करून.

मोड आणून वाळवलेले सातू
गिरणीत शेवंताबाईंनी तोंडात टाकले.
गोड लागतात गं. बाळंतिणीला का?
मी गप्प. त्यांनी हो धरलं.
पीठ नको, भरड. दाणा फुटावा, टरफल मोडू नये.
दगडांमधलं अंतर त्यांनी तीनदा बदललं,
तळहातावर घेऊन घेऊन दाखवलं.
पैसे घेतले नाहीत. मुलगा की मुलगी, विचारलं.
अजून कळायचंय, म्हटलं.

सदुसष्ट अंश. एक तास.
डब्याला गोधडी, मोडक्या बिजागरीवर वरवंटा.
उघडून बघायचं नाही असं ठरवून
दर आठ मिनिटांनी बघितलं.
बशीत थेंब, थेंबावर आयोडीन. काळंनिळं.
पुन्हा. निळं.
पुन्हा. तपकिरीच राहिलं.
पिष्टाची साखर झाली.
एवढ्यासाठी एकटीने टाळ्या वाजवतं का कुणी?
वाजवल्या.

दुधाच्या कॅनमध्ये तासभर रटरटलं, हॉप्सचा कडू, गवती वास
जिन्यापर्यंत गेला. गॅस बंद.
तांब्याचं वेटोळं आत सोडलं, टोक नळाला लावलं,
नळ सोडला.
नळ खोकला.

गुरुवार.
अंश, लिटर, मिनिटं, सगळं मोजलं होतं मी.
वार सोडून.

खालचे प्रभुणे वर आले. काढा आहे?
सातूचा.
मग बराच वेळ वेटोळ्याकडे बघत राहिले.
टेलिफोन खात्यात जन्म गेलेला,
कुठून काय शिरतं, कुठून निघतं, कळल्याशिवाय राहवेना.
त्यांच्या घरी भरून ठेवलेलं पाणी
गुडघ्यांना शिव्या देत एकेक बादली जिना चढलं.
अट एकच: परत हवं.

शिडीवर बादली, तोंडाने ओढून धार लावली.
इकडून गार शिरलं, तिकडून वाफाळत निघालं.
प्रभुण्यांनी बोट घातलं, काढलं.
हे तर आंघोळीचं.
भरलेली खाली नेली, गार वर आणली.
चौथ्या बादलीला खाली गेलेच नाहीत,
पाय त्यातच सोडले आणि माझ्या स्टुलावर
डोळे मिटून बसले.

रात्री बाराला काही नाही. दोनला काही नाही.
पहाटे नळ आला, मी तो उघडाच ठेवलेला,
धावत जाऊन बंद केला.
पाणी थांबलं. आवाज थांबला नाही.
कोपऱ्यातल्या पिंपातून एक बुडबुडा.
मग काही नाही.
मग एक.

शेवंताबाईंना सांगायला हवं,
मुलगा की मुलगी ते ठरवून.