रकाना

ससूनच्या डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर मेंदू काढला,
दिसायला फ्लॉवरचा गड्डा.
ही बक्षिसाची जागा, म्हणाले. इथलं बिघडलंय.
दिगंबर म्हणाला, साहेब, मी टर्नर.
आटे झिजले की नट नुसता फिरत राहतो, तसं का?
तसंच काहीसं.

विद्यापीठातून एक मुलगी आली, वही घेऊन.
भोसरीच्या आमच्या गल्लीत दुकानं किती,
कंपनी कधी बंद पडली,
बरोबरच्या सतरा जणांतले पिणारे किती.
अकरा, तो म्हणाला. वारलेले दोन धरून.
तिने चहा नको म्हटलं होतं.
मग घेतला.

धाकट्या दिराने मोबाइलवर हिशेब मांडला:
रोजचे एकशेसाठ, नऊ वर्षं,
मोशीतल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट.
सासूबाई म्हणतात, आजोबांचं रक्त,
आणि ताट उजव्या हाताशी सरकवतात त्याच्या,
कारण डावा थरथरतो.

सगळ्यांचंच खरं असेल.
पण भोंगा वाजून तीन वर्षं झाली
आणि साडेपाचला याची बोटं अजून
खिशातले सुटे चाचपतात,
हे मी पाहिलंय, मेथी निवडता निवडता.

आज त्रेचाळिसावा दिवस.
तो आत झोपलाय, घोरतोय चक्क.
आणि अकरा वाजले तशी मी
दाराशी येऊन बसलेय,
जिन्यावर कान लावून,
कितव्या पायरीला अडखळतो ते मोजायला.

फॉर्म पुन्हा वाचला.
पेशंटचं नाव, वय, किती वर्षांपासून.
याला रकाना नाही.